१९२२ चा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मुलांना दाखवताना: चित्रं तेव्हाची, पाट्या नंतरच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत आठवी-नववीच्या मुलांना चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीवरचा १९२२ चा मूकपट ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ दाखवायचाय. नेटवर मिळालेल्या कॉपीत माणसं घाईघाईत चालतात, गोष्ट मधेच उडी मारते आणि इंग्रजी पाट्या जुन्या वाटतच नाहीत. ही कॉपी ओरिजिनल आहे का, पाट्या मराठीत करून लावल्या तर चालेल का, आणि फॅगिनचं, म्हणजे पोरांकडून चोऱ्या करवणाऱ्या त्या म्हाताऱ्या ज्यूचं, जे चित्रण आहे त्याचं काय करायचं?

मी गेली २२ वर्षं जुन्या फिल्म्सच्या दुरुस्तीचं आणि स्कॅनिंगचं काम करतोय, त्यात मूकपट बरेच हाताखालून गेलेत, आणि शाळा-कॉलेजांत मूकपट दाखवायला पण जातो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल पण सगळंच सांगतो.

पहिली गोष्ट, तुमची शंका बरोबर आहे. पाट्या नव्याच आहेत. फिल्म खरी आहे, चेहरे खरे आहेत, सेट खरे आहेत, पण मधे मधे जी वाक्यं येतात ती १९२२ सालची नाहीत. आणि हे एकदा नीट डोक्यात बसलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप सुटतात, म्हणून आधी तेच सांगतो.

हा सिनेमा ऑक्टोबर १९२२ मधे अमेरिकेत आला. दिग्दर्शक फ्रँक लॉइड, निर्माता सोल लेसर, ऑलिव्हरच्या कामात जॅकी कूगन आणि फॅगिनच्या कामात लॉन चेनी. एकूण ८ रिळं. तेव्हा चांगला गाजलेला सिनेमा, पण मूकपटांचं जे सगळीकडे झालं तेच याचं झालं. बोलपट आले, जुन्या प्रिंट्सना कुणी विचारेना, नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते आणि पेटते पण पटकन (पुण्यात २००३ साली नायट्रेटच्या साठ्याला आग लागली होती, ते इथल्या जुन्या लोकांना अजून आठवत असेल), आणि पुढची कितीतरी वर्षं हा सिनेमा हरवलाय असंच सगळे धरून चालले होते. मग १९७० च्या दशकात एक प्रिंट सापडली, ती कुठे तर युगोस्लाव्हियात. आणि त्या प्रिंटमधे इंग्रजी पाट्या नव्हत्या.

आता पाट्याच नव्हत्या म्हणजे काय? कुणी चोरल्या की सडल्या? तसं काही नाही, हा त्या काळचा धंद्याचा भागच होता. मूकपट दुसऱ्या देशात पाठवायचा म्हणजे फक्त पाट्या बदलायच्या, बाकी सिनेमा तोच. डबिंग नाही काही नाही. मग पूर्ण लांबीच्या इंग्रजी पाट्या पाठवून फुकट फिल्म कशाला घालवायची, म्हणून पुष्कळ वेळा परदेशी जाणाऱ्या कॉपीत पाटीच्या जागी फक्त एक-दोन फ्रेम ठेवायचे, त्याला आमच्यात ‘फ्लॅश टायटल’ म्हणतात. पडद्यावर ते डोळा लवायच्या आत निघून जातं, पण तिकडच्या लॅबवाल्याला कळतं की इथे अमुक पाटी आहे, आपल्या भाषेतली करून इथे जोडायची.

हे मी स्वतः बेंचवर पाहिलंय. युरोपातून आलेल्या एका छोट्या मूकपटाचं रीळ होतं, नाव महत्त्वाचं नाही. रिवाइंडरवर हाताने हळूहळू फिरवत होतो आणि बोटाला जोड लागला, फिल्म सिमेंटने (फिल्म जोडायच्या गोंदाने) चिकटवलेल्या जोडाची कड बोटाला लागतेच, लगेच दुसरा जोड लागला, दोघांच्या मधे जेमतेम एक फ्रेम. भिंग लावून बघितलं तर काळ्यावर पांढरी अक्षरं, एकच फ्रेम, आणि त्यात पूर्ण वाक्य. मी त्या दिवशी बराच वेळ ते भिंग बाजूला ठेवलंच नाही. आणि वाईट काय वाटलं माहितेय, त्याच सिनेमाचं दुसरं रीळ आधी दुसऱ्या एका लॅबमधून साफ होऊन आलेलं होतं, आणि तिथे कुणीतरी असे सगळे एक-एक फ्रेम ‘खराब तुकडे’ समजून कापून टाकले होते. जोड अगदी स्वच्छ, काम नीटनेटकं, आणि सिनेमाची सगळी वाक्यं गेलेली. कायमची. त्यामुळे ‘पाट्या नव्हत्या’ हे वाक्य मला कधी साधं वाटत नाही.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या बाबतीत एक नशीब असं की ती प्रिंट सापडली तेव्हा जॅकी कूगन हयात होता आणि सोल लेसरही हयात होता. ब्लॅकहॉक फिल्म्स म्हणून अमेरिकेतली कंपनी होती, त्यांनी या दोघांची मदत घेऊन पाट्या नव्याने तयार केल्या. आता विचार करा, कूगन शूटिंगच्या वेळी ७ वर्षांचा होता आणि पाट्या करताना साठीला टेकलेला. म्हणजे तुम्ही वाचता ती वाक्यं थोडी आठवणीतून, थोडी कादंबरीतून, थोडी चित्रावरून अंदाजाने आलेली आहेत. ते काम त्यांनी मनापासून केलंय, मला त्याबद्दल आदरच आहे, त्यांच्यामुळे तर सिनेमा बघायला मिळतोय. पण ते पुनर्रचित आहे हे मुलांना सांगा, सुरुवातीलाच सांगा, मुलांना हे ऐकायला फार आवडतं असा माझा अनुभव आहे.

(हरवलेल्या पाट्या परत कशा मिळवतात असं मुलं विचारतात, म्हणून लिहून ठेवतो. सेन्सॉरकडे दिलेले कागद, कॉपीराइटसाठी जमा केलेली स्क्रिप्ट, तेव्हाच्या मासिकांतली परीक्षणं, फोटो, आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे वाजवणाऱ्यांचे कागद. थेटरात पियानोवाल्याला जो कागद दिलेला असायचा त्यात ‘अमुक पाटी आली की ही चाल सुरू करा’ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे पाटीचे पहिले दोन-चार शब्द तिथे टिकून राहतात. अशा चिठ्ठ्याचपाट्यांवरून अख्खे सिनेमे उभे राहिलेत.)

आता गोष्ट उडी मारते त्याबद्दल. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात.

एक म्हणजे कादंबरीच अवाढव्य आहे. डिकन्सने ती फेब्रुवारी १८३७ पासून एप्रिल १८३९ पर्यंत मासिकातून दर महिन्याला थोडी थोडी अशी लिहिली, तेव्हा तो पंचविशीचा, आणि व्हिक्टोरिया गादीवर आली ती जून १८३७ मधे, म्हणजे ही कादंबरी राणीच्याही चार महिने आधी सुरू झाली. महिन्याच्या महिन्याला छापायचं म्हणजे प्रत्येक हप्त्यात काहीतरी घडायला हवं, पात्रं वाढत जातात, योगायोग वाढत जातात, शेवटी तो ऑलिव्हरचा सावत्र भाऊ मंक्स, ते लॉकेट, ते मृत्युपत्र असा सगळा गुंता होतो की वाचतानाही परत मागची पानं उलटावी लागतात. एवढं सगळं सव्वा तासात बसवायचं म्हटल्यावर लॉइडने काही जागी गोष्ट फक्त पाट्यांवर टाकलेली असणार, आणि नेमक्या त्या पाट्याच गेल्या. जिथे अभिनय होता ते टिकलं, जिथे निवेदन होतं तिथे खड्डा पडला. म्हणून तुम्हाला वर्कहाउस (गरिबांना ठेवायची जागा), फॅगिनची खोली, त्याच्या टोळीतल्या नॅन्सीचा शेवट हे सगळं लख्ख कळतं आणि मंक्स कोण, त्याला काय पाहिजे, हे काही केल्या कळत नाही.

दुसरं म्हणजे उडी ही डिकन्सचीच पद्धत आहे. कादंबरीच्या सतराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो स्वतःच वाचकाला सांगतो की नाटकात रडका प्रवेश आणि हसरा प्रवेश एकाआड एक येतात, डुकराच्या मांसाच्या पट्टीत लाल आणि पांढरे थर असतात ना तसे, आणि लोकांना ते विचित्र वाटलं तरी खऱ्या आयुष्यातही असंच होतं. पुढे ग्रिफिथ या अमेरिकन दिग्दर्शकाने सिनेमात दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवायला सुरुवात केली तेव्हा हे मी डिकन्सकडून घेतलं असं तो म्हणायचा, आणि रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनने तर डिकन्स आणि ग्रिफिथवर मोठा निबंधच लिहिलाय. म्हणजे ही कादंबरी सिनेमाच्या साठ वर्षं आधीच सिनेमासारखी कापलेली होती. ‘इकडे ऑलिव्हर अडकलाय आणि अचानक तिकडे वर्कहाउसचा अधिकारी बंबल’ असं झालं तर ती प्रिंटची चूक समजू नका.

आता स्पीड. हे जरा टेक्निकल आहे पण करून बघण्यासारखं आहे.

३५ एमएमच्या फिल्ममधे एका फुटात १६ फ्रेम असतात. एक रीळ साधारण १००० फुटांपर्यंतचं, म्हणजे १६,००० फ्रेम. सेकंदाला १६ ने चालवलं तर पावणेसतरा मिनिटं, २० ने चालवलं तर साधारण सव्वातेरा मिनिटं, २४ ने चालवलं तर अकरा मिनिटं. फिल्म तीच, वेळ एवढा वेगळा. मूकपटाच्या काळात कॅमेरा बऱ्याचदा हाताने फिरवायचे, त्यामुळे ठराविक असा स्पीडच नव्हता, २४ पक्का झाला तो बोलपट आल्यावर, कारण आवाजाला एकच स्पीड लागतो. आता नेटवरच्या पुष्कळ कॉप्या कुणीतरी थेट २४-२५ ने चढवून टाकलेल्या असतात आणि मग लोक म्हणतात मूकपटात माणसं अशीच टुणटुण चालायची. अजिबात नाही! १९२२ च्या प्रेक्षकाला ती माणसं माणसांसारखीच चालताना दिसत होती. थोडी जलद चालवायची थेटरवाल्यांना सवय होती हे खरं, पण सर्कस नव्हती.

तुमच्याकडे जी कॉपी आहे ती साध्या व्हिडिओ प्लेअरमधे ०.९ किंवा ०.८५ स्पीडला लावून बघा. कुठला आकडा बरोबर हे ठरवायला मी स्वतः तीन गोष्टी बघतो: कुणीतरी जिना चढताना, कुणीतरी कापड झटकताना किंवा दार उघडताना, आणि पाण्याचं किंवा पेजेचं ओतणं. माणूस मुद्दाम हळू चालू शकतो, पण ओतलेली पेज आपल्या वेगानेच पडते. या सिनेमात सुरुवातीलाच पेज आहे, तिथेच सेट करून घ्या. फार हळू केलंत तर नाटकी वाटायला लागेल, विशेषतः चेनीच्या बाबतीत, कारण त्याचे हावभाव आधीच ठाशीव आहेत. आवाजाचा ट्रॅक असेल तर तो बंद करा, तसाही तो नंतर लावलेला आहे.

मुलं अजून एक विचारतील, सगळ्यांचे ओठ काळे का आणि आकाश पांढरं फटक का. तेव्हाच्या सर्वसाधारण फिल्मला निळा रंग पांढरा दिसायचा आणि लाल रंग जवळपास काळा. म्हणून ओठ काळे, म्हणून ढग नाहीत. आणि रात्रीचे सीन पुष्कळदा भर दुपारी काढून नंतर प्रिंट निळ्या रंगात बुडवायचे, घरातले सीन पिवळसर. काळी-पांढरी कॉपी काढताना तो रंग गेला की रात्रीची चोरी दिवसाढवळ्या चालल्यासारखी दिसते. तुम्हाला असा एखादा सीन दिसला तर मुलांना तेवढं तोंडी सांगा की ही रात्र आहे.

आता मराठी पाट्या. जरूर करा. मी तर म्हणेन हा सिनेमा त्यासाठी अगदी योग्य आहे, कारण इथे तुम्ही १९२२ ची वाक्यं काढून टाकत नाही आहात, ती आधीच गेलीत. आपल्याकडेही मूकपटांना एकाहून जास्त भाषांतल्या पाट्या असायच्याच, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, तेव्हा मराठीत पाटी लावणं आणि एखाद्या मुलीने ती खणखणीत वाचणं हे मूकपटाच्या परंपरेला धरूनच आहे.

पण कसं लिहायचं यात खरी मेहनत आहे, आणि इथे माझं ठाम मत सांगतो. कमी लिहा. जेवढं चित्रात दिसतं ते पाटीत लिहू नका. लोक उत्साहाने काय करतात, कादंबरी समोर ठेवतात आणि प्रत्येक ठिकाणी तिचा परिच्छेद उतरवतात, मग मुलं तासभर वाचतच बसतात आणि चेहरे बघायचे राहून जातात. आधी एकदा पाट्या सोडून, नुसता हाताने पाट्या पुढे ढकलत, अख्खा सिनेमा बघा. जिथे तुम्हाला स्वतःला कळलं तिथे पाटी नको. जिथे नातं कळत नाही (ही बाई कोण, हा माणूस हिचा कोण, हे घर कुणाचं) तिथे एक ओळ. मंक्सच्या भानगडीसाठी दोन-तीन पाट्या लागतील, त्या मोकळ्या मनाने घाला, तिथे कंजूषपणा केलात तर शेवट कुणालाच कळणार नाही.

उदाहरण म्हणून तो पेजेचा प्रसंगच घेऊ. हा प्रसंग मुलांना कळायला आधी दोन मिनिटं वर्कहाउस समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटेल अनाथाश्रम आहे. १८३४ ला इंग्लंडमधे गरिबांसाठी नवा कायदा झाला, त्याचा मुद्दा असा की मदत हवी ना, मग घर सोडून इथे येऊन राहा, नवरा वेगळा बायको वेगळी मुलं वेगळी, आणि आतलं जगणं मुद्दाम बाहेरच्या गरीबातल्या गरीब मजुरापेक्षा वाईट ठेवायचं म्हणजे कुणी उगीच येणार नाही. डिकन्सचा सगळा संताप त्या ‘मुद्दाम’वर आहे. तो स्वतः १२ वर्षांचा असताना बाप कर्जापायी तुरुंगात गेला आणि पोराला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावायला बसवलं, त्यामुळे उपाशी पोराबद्दल लिहिताना तो बाहेरून बघत नाही.

तर प्रसंग असा: पोरं उपाशी, चिठ्ठी टाकतात, ऑलिव्हरचा नंबर लागतो, तो वाडगं घेऊन पेज वाढणाऱ्यासमोर जातो. कादंबरीत वाक्य आहे ‘प्लीज सर, आय वॉन्ट सम मोअर’. इंग्रजी साहित्यातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध मागणं, आणि मराठीत त्याचं ‘कृपया महोदय, मला आणखी हवे आहे’ असं केलेलं मी एका कार्यक्रमात बघितलंय, आणि पोरं हसली. हसणारच, कुठलं उपाशी पोर असं बोलतं? मी असतो तर ‘साहेब, अजून थोडी द्या ना’ एवढंच लिहिलं असतं. ‘द्या ना’मधे ते भिऊन मागणं आहे, आणि ‘थोडी’ म्हटलं की पेज हा शब्द सांगावाही लागत नाही, वाडगं दिसतंयच.

आणि ती पाटी कुठे टाकायची हे शब्दांइतकंच महत्त्वाचं. बोलणं सुरू होण्याच्या आधी टाकू नका. कूगनचे ओठ हलायला लागू दे, मग पाटी, आणि परत त्याच चेहऱ्यावर या. मूकपटवाल्यांनी ही सवय पुष्कळ चुकांनंतर लावून घेतली होती, कारण पाटी आधी आली तर प्रेक्षकाला उत्तर आधी मिळतं आणि मग चेहरा नुसता बघायचा म्हणून बघितला जातो. ओठ हलले, काय बोलला असेल बरं, असं मनात आलं, आणि मग पाटी आली, तर ते वाक्य त्या पोराच्या आवाजात ऐकू येतं. खरंच ऐकू येतं. किती वेळ ठेवायची? सावकाश मोठ्याने एकदा वाचून होईल त्याहून थोडी जास्त. आठवीच्या वर्गात तेवढं पुरतं.

त्या पोराबद्दल जरा लिहितोच. कूगन १९२१ मधे चॅप्लिनबरोबर ‘द किड’मधे आला आणि रातोरात जगात प्रसिद्ध झाला. याच्या आधी नाटकात आणि सिनेमातही ऑलिव्हरचं काम बऱ्याचदा बायका करायच्या, १९१६ च्या अमेरिकन मूकपटात मारी डोरो या नटीने केलं होतं. इथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या नावाचं खरं ७ वर्षांचं पोर. त्याने काय फरक पडतो ते फॅगिनच्या खोलीत बघा. कूगन ‘बिचारा’ दिसायचा प्रयत्न करत नाही, तो मोठ्या माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतो, आता हा काय करेल याचा अंदाज घेत. मार खाल्लेली मुलं असंच बघतात. ही गोष्ट कुठल्याही पाटीने सांगता येत नाही आणि म्हणूनच मी म्हणतो पाट्या कमी करा.

आणि मुलांना त्याची पुढची हकिगत जरूर सांगा. या पोराने लहानपणी लाखो डॉलर कमावले. १९३५ मधे मोटार अपघातात वडील गेले, आणि कूगन सज्ञान झाल्यावर कळलं की पैसे आई आणि सावत्र बापाकडे आहेत, आणि तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे मुलाची कमाई पालकांचीच. १९३८ ला तो कोर्टात गेला, शेवटी हातात आले सव्वा लाख डॉलरच्या आसपास. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९३९ मधे बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा कायदा झाला, तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या वर्गात कुणी रीलमधे, सिरियलमधे काम करणारं मूल असेलच हल्ली. चर्चा आपोआप सुरू होईल.

आता फॅगिन. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद वाटला, कारण बरेच जण विचारतच नाहीत.

आधी कलेचं बोलतो. लॉन चेनीचे आई-वडील दोघंही मूकबधिर होते, तो लहानपणापासून हातांनी आणि चेहऱ्याने बोलत वाढला. तेव्हा तो चाळिशीच्या आत होता आणि इथे म्हातारा, वाकलेला, दाढीवाला फॅगिन झालाय, मेकअप पण स्वतःचा स्वतः करायचा. ध्यान थेट क्रुकशँकच्या चित्रांची आठवण करून देतं, म्हणजे कादंबरी पहिल्यांदा छापली तेव्हा जॉर्ज क्रुकशँकने जी चित्रं काढली होती ती. मुलांना सांगा त्याचे हात बघा, फक्त हात. बोटं आधी पुढे येतात, मग माणूस.

पण त्या चित्रातच गोम आहे. डिकन्सने फॅगिनला कादंबरीभर नावाऐवजी ‘तो ज्यू’ असंच म्हटलंय, शेकडो वेळा, आणि नाक, दाढी, लालसा हे सगळं युरोपात ज्यूंबद्दल पिढ्यानपिढ्या जे विष पसरवलं गेलं त्यातूनच उचललेलं आहे. १८६३ मधे एलायझा डेव्हिस नावाच्या ज्यू बाईंनी त्याला पत्र लिहून सरळ सांगितलं की तुम्ही आमच्यावर अन्याय केलात. त्याने आधी बचाव केला, पण ती गोष्ट त्याला लागली असावी, कारण पुढच्या कादंबरीत त्याने मुद्दाम एक भला ज्यू म्हातारा घातला आणि १८६७ च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधले ‘ज्यू’ हे शब्द बऱ्याच ठिकाणी काढून टाकले. सिनेमा मात्र क्रुकशँकच्या चित्रावरच उभा आहे, तिथे शब्द काढायची सोय नाही, नाक पडद्यावर आहेच.

माझं मत असं की सीन कापू नका आणि गप्पही बसू नका. कापलंत तर मुलांना कळणारच नाही की चांगल्या लेखकाच्या हातूनही असं होतं. तुमच्या मराठी पाट्यांमधे ‘ज्यू’ हा शब्द कुठेही वापरू नका, ‘फॅगिन’ एवढंच लिहा, जे डिकन्सने स्वतः नंतर केलं तेच, आणि सिनेमा संपल्यावर त्या पत्राची गोष्ट सांगा. एका वाचक बाईने पत्र लिहून एवढ्या मोठ्या लेखकाला पुस्तक बदलायला लावलं, हे आठवीच्या मुलींनी ऐकायलाच हवं.

नॅन्सीच्या खुनाचा सीन मात्र आधी एकटे बसून बघा आणि तुमच्या मुलांना झेपेल का ते तुम्हीच ठरवा. डिकन्स म्हातारपणी स्टेजवर हा खून वाचून दाखवायचा, प्रेक्षकांत बायका बेशुद्ध पडायच्या असं तेव्हाचं वर्णन आहे, आणि डॉक्टर नको म्हणत असताना तो हट्टाने वाचत राहिला. ग्लॅडिस ब्रॉकवेलने नॅन्सी सुंदर केलीय, पोराला पकडून आणणारी पण तीच आणि वाचवणारी पण तीच, आणि दोन्ही वेळा चेहऱ्यावर एकच भीती. तिच्या सीनमधे मी एकही पाटी टाकली नसती.

हक्कांचं पटकन सांगतो: आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, त्यामुळे १९२२ च्या चित्रांना अडचण नाही. पण नंतर केलेल्या पाट्या आणि वर लावलेलं संगीत ही नवी कामं आहेत, त्यांचे हक्क वेगळे असू शकतात. तुम्ही आवाज बंद करून स्वतःच्या मराठी पाट्या लावल्यात तर ती भानगड बरीचशी उरतच नाही.

आणि संगीत. शाळेत पेटी वाजवणारं कुणीतरी असतंच. आपल्याकडे मूकपटाला पेटी-तबला असायचाच. फक्त वाजवणाऱ्याला आधी दोनदा सिनेमा दाखवा आणि एकच गोष्ट सांगा, सगळीकडे वाजवू नको. मागे एका शाळेत मी बसलो होतो, पेटीवर दहावीतली मुलगी होती, तिने बाकी सगळीकडे वाजवलं आणि पोर वाडगं घेऊन उठतं तिथे भाता धरून थांबली. दीडशे पोरांच्या हॉलमधे फक्त पंख्याचा आवाज. पाटी आली, पहिल्या रांगेतल्या एका मुलाने ती वाचली, कुणी सांगितलेलं नव्हतं, हळूच, स्वतःशीच वाचल्यासारखी.

तुमच्या पहिल्या दहा-बारा पाट्या लिहून झाल्या की टाका इथे, कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या ते बघू.